बनूच्या तळ्याचं पाणी

देवळाली प्रवरा,
मे १९७३

प्रिय सूर्यभान,

तुझं पत्र पोचलं. रजा मंजूर झाली, कडूवहिनींना घेऊन येतोयस, मी राहुरीच्या स्टँडवर सायकल घेऊन उभं राहायचं, आणि चहापाणी नंतर, आधी तळ्यावर जायचं, असा हुकूमच सोडलायस. बनूची पिल्लं बघायची म्हणून वहिनींनी आत्तापासून पिशवी भरून ठेवली आहे म्हणे. तू एस्टीत बसायच्या आत हे पाकीट तुझ्या हाती पडायला हवं, म्हणून हातातली कामं टाकून लिहायला बसलोय. बनू कशी आहे, असं तू प्रत्येक पत्रात विचारतोस आणि मी 'इकडे सर्व क्षेमकुशल' लिहून मोकळा होतो. क्षेमकुशल नाही, सूर्यभान. फाल्गुनानंतर मी तुला एकही पत्र खरं लिहिलेलं नाही.

तू म्हणायचास, गहिनीनाथाकडं तांब्याभर पाणी मागितलं तर तो आधी विहीर कधी खणली ते सांगतो. आजही तसंच होणार आहे, तेवढं सोसून घे. मुंबईच्या बागेत आपण एका खोलीत राहायचो, मी माळीकामाला आणि तू पाणपक्ष्यांच्या तळ्यावर, तेव्हापासून तुझ्या तोंडी हंसांशिवाय दुसरा विषय नाही. पांढरा, नारिंगी चोचीचा, चोचीच्या मुळाशी काळी गाठ असलेला तो आपला हंस; गाठ मोठी तो नर, बारीक ती मादी. काळा कुळकुळीत, लाल चोचीचा तो ऑस्ट्रेलियातला. आणि पिवळ्या चोचीचा एक बर्फाच्या मुलखातला, तो तू फक्त साहेबांच्या पुस्तकातल्या चित्रात पाहिलेला, पण सांगायचास असा की जणू तुझ्या मांडीवर वाढलाय. आपल्या पांढऱ्याला साहेब लोक मुका म्हणतात, यावर तर तुझा कोण राग! 'मुका कसला, ऐकनारा भैरा हाय,' म्हणायचास. बनूला तिच्या आईनं अंड्यातच टाकून दिलं होतं. ते अंडं तू खुडूक कोंबडीखाली ठेवलंस, आणि पिल्लू निघालं ते तुलाच आई समजून तुझ्या मागं मागं फिरायला लागलं. जिभेनं टाळ्याला टकटक करून तू तिला हाक मारायचास. तुमची आई कोंबड्यांना अशीच बोलवायची, असं तू सांगितलं होतंस. तुला मूलबाळ नाही, पण बनूला लेक म्हणताना तू कधी लाजला नाहीस, आणि आम्हीही कधी हसलो नाही.

तुझ्या रागाची दुसरी गोष्टही मी विसरलेलो नाही. धाकट्या बहिणीकडं, पाथर्डीच्या पलीकडं, भाच्याच्या जावळाला तू मोठ्या हौसेनं गेलास आणि लगेच माघारी आलास. भर पंगतीत तुझे दाजी म्हणाले होते, 'आमचं मेव्हनं मुंबईला असत्यात, पर काम काय, तर पाखरांची घान काढायची!' पंगत हसली. बहीण वाढत होती, तिनं मान खाली घातली आणि तशीच पुढं वाढत गेली. दाजींच्या बोलण्यापेक्षा तुला ती खाली घातलेली मान जास्त लागली. भरल्या ताटावरून उठलास, आणि त्या घरचं पाणी पुन्हा पिणार नाही, अशी शपथ घेऊन आलास. पुढं भाऊबीज आली की मुद्दाम ड्यूटी मागून घ्यायचास. मी एकदा समजूत काढायला गेलो, तर दोन दिवस माझ्याशी अबोला धरलास. मग मीही तो विषय सोडून दिला.

पुढं मी मुंबई सोडून इथं कामाला लागलो. तिकडं बागेतले हंस वाढले आणि आमच्या राधाकृष्णनानांना जोडी घ्यायची हौस आली, तेव्हा बनू आणि तिच्या जोडीचा नर बाजी यांना तू स्वतः टेम्पोत बसून इथं आणलंस. नाना म्हणजे मोठे बागायतदार, पाटाच्या कडेला ऊस, बंगला, बंगल्यापुढं तळं, आणि बागेवर माझ्यासारखा मुकादम. जाताना तू माझा हात धरून बजावलं होतंस, पोळी-भात घालू नको, भिजवलेला मका आणि पाला दे, आणि वीण असताना नराला जागचा हलवू नको. तो पहाऱ्याला असतो म्हणून ती निर्धास्त बसते. पहिली दोन्ही पथ्यं मी पाळली, सूर्यभान. खरा त्रास झाला तो दुधाचा. हंस पाणी टाकून दूध तेवढं पितो म्हणतात ना, ते बघायला सगळी पंचक्रोशी लोटली. जो तो तांब्याभर दूध घेऊन यायचा आणि माझी पाठ वळली की तळ्यात ओतायचा. पाण्याला आंबूस वास सुटला. नानांच्या सासूबाईंनी तर पितळेच्या परातीत दूधपाणी कालवून बाजीपुढं ठेवलं. बाजीनं परातीत एक पाय टाकला, दुसरा टाकला आणि तिथंच अंघोळ केली. म्हातारीनं ते दूध तीर्थ म्हणून डोळ्यांना लावलं. काहीजण म्हणायचे, असले हंस हिवाळ्यात गोदावरीला थव्यानं येतात, त्यात काय एवढं. मी तुझ्या थाटात सांगायचो, ती डोक्यावर काळे पट्टे असलेली हिमालयापलीकडची रानबदकं, हंसाच्या नात्यातली, पण हंस नव्हेत. कुणाला पटायचं नाही. बरे दिवस होते ते.

मग हा दुष्काळ. तुला मुंबईत रेशनच्या रांगेत कळला असेल तेवढाच. लागोपाठ पाऊस हुकला. इकडं विहिरींचे तळ दिसायला लागले, आणि पूर्वेकडच्या गावांतून माणसं पोराबाळांसकट पाटाच्या रस्त्यावर खडी फोडायला आली. दिवसभर खडी, हातात सरकारी सुकडीच्या पिठाची पुडी, आणि चुलीवर अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी, ज्या थापताना तुटतात आणि खाताना तुटत नाहीत. त्याच दिवसांत बनूनं घरटं घातलं. तळ्याच्या मधोमध मातीचा उंचवटा आहे, त्यावर उसाचं पाचट ओढून. बाजी काठावरून पाचट उचलायचा, मान वळवून मागं टाकायचा, ती ते घेऊन रचायची. एवढा दांडगट गडी, पण बायकोच्या हाताखाली असा राबला की माझी कारभारीण राही मला रोज ते दाखवायला न्यायची. बनूनं अंडी घातली तेव्हा मी तुला ते मोठं पत्र लिहिलं. माझं शेवटचं खरं पत्र ते. आणि खरं सांगायचं तर, मी बनूपुढं भिजवलेला मका टाकायचो तेव्हा खडी फोडणाऱ्यांची पोरं कुंपणाच्या तारेला धरून त्या मक्याकडं बघत असायची. मी पाठ करून मका टाकायला लागलो.

तळ्यात पाटाचं पाणी राखून ठेवलेलं. नानांचा हुकूम होता, 'तळ्याला कुनी हात लावायचा न्हाई. एकीला पानी दिलं का खडीवाल्यांचा सगळा तळ उठून येतो.' टँकर यायचा, कधी यायचा नाही. एका संध्याकाळी चारपाच बाया कुंपणाच्या फटीतून आत शिरल्या आणि हंडे बुडवायला लागल्या. मी ओरडण्याआधी बाजीच आला. पंख शिडासारखे उभारून, मान आखडून, पाणी कापत आला, आणि काठावर चढून एका बाईच्या हातावर पंखाचा असा तडाखा दिला की हंडा गडगडत गेला. बाकीच्या पळाल्या, ती उभीच राहिली. मनगट टम्म सुजलं. मी तिच्याशी थोडं बोललो. काय बोललो ते पुढं लिहितो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी स्वतः फाटक उघडलं, आणि बाजीला पंपाच्या मोटारघरात कोंडलं. तूच शिकवलेली पकड होती, दोन्ही पंख अंगाशी दाबून, मान बगलेतून मागं. त्याला मोटारघराकडं नेताना मला तुझे शब्द आठवत नव्हते असं नाही. चांगले आठवत होते.

मग तो रिवाजच पडला. दिवस कलला की बाजी आत, बाया तळ्यावर, आणि हंडे भरून त्या गेल्या की बाजी बाहेर. पाणी कसलं, हिरवट, पिसं तरंगत असलेलं, पाखरांच्या घाणीचं. त्या बाया पदर चौपदरी करून त्यातून गाळून न्यायच्या. नाना त्या वेळी गावात असायचे; त्यांना मी काही सांगितलं नाही, तुलाही नाही. बनू घरट्यावर मान पिसांत खुपसून बसलेली असायची. मोटारघराच्या दारावर बाजीचे पंख आपटायला लागले की ती मान वर काढायची आणि माझ्याकडं बघायची. पक्ष्याच्या बघण्यात काय असतं ते तुला ठाऊक, मला नाही, पण मी तिकडं बघायचं टाळत होतो हे खरं. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही, सूर्यभान. रोज एवढे हंडे भरले तर तळं उतरणारच. पाणी हटत गेलं आणि घरट्याच्या एका अंगाला काठापासून उंचवट्यापर्यंत चिखलाची वाट तयार झाली. इतकी वर्षं बागेला पाणी देणारा मी मुकादम, आणि मला ती वाट दिसली नाही.

पाडव्याच्या आसपासची गोष्ट. टँकर आला नव्हता, त्यामुळं सगळा तळच लोटला. मी फाटकाशी रांग लावत होतो, बायांची भांडणं सोडवत होतो. बाजी दारावर धडका देत होता, नेहमीपेक्षा जोरात, आणि मी मनाशी म्हटलं, दे बाबा, थोडा वेळ दे. खडीच्या तळावरची कुत्री माणसांइतकीच उपाशी. ती त्या चिखलातून घरट्यावर गेली. बनू उठून पाण्यात उतरली असती तर वाचली असती, पण अंड्यांवरून ती उठणार नाही हे तूच मला सांगितलेलं. ती बसूनच लढली. कुणीतरी किंचाळलं तेव्हा मी वळलो. माझ्याआधी ती सुजल्या हाताची बाई गुडघाभर चिखलातून पळत गेली, हंड्यानं कुत्री झोडली, आणि उरलेली दोन अंडी पदरात घेऊन छातीशी धरून बसली. मी मोटारघर उघडलं ते नंतर. बनू माझ्या मांडीवरच गेली. तुझ्यासारखं टकटक करून बघितलं, मला काही ते नीट जमलं नाही. काठावरच्या बाभळीखाली तिला पुरली. लिहिलं बघ एकदाचं.

पुढचं तरी तुला ऐकायलाच हवं. ती दोन अंडी आम्ही तशीच गरम गरम घरट्यात नेऊन ठेवली. बाजी आला, बनूच्या जागेभोवती फिरला, चोचीनं पाचट ढकलत राहिला. सगळे म्हणाले, जोडी तुटली, आता हा अन्नपाणी सोडून जीव देणार. बाया लांबूनच हात जोडायला लागल्या. त्यानं अन्न सोडलं खरं. पण सकाळी बघतो तर हा अंड्यांवर बसलेला! मादी गेली तर नर अंड्यांवर बसतो, हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. बहुधा तुलाही बघायला मिळालं नसेल. भर उन्हात चोच वासून धापा टाकायचा, पण हलायचा नाही. मी वर पाचटाचा मांडव घालून दिला, तेव्हा मला त्यानं मांडीला असा चावा घेतला की अजून काळंनिळं आहे. इतरांवर तो नुसता फुत्कारतो, माझ्यावर मात्र धावून येतो. येऊ दे. एक अंडं नासलं, एकातून पिल्लू निघालं. ते मातकट रंगाचं बघून नानांचं तोंडच उतरलं, 'हे तर बदकाचं दिसतंय रं.' मी सांगितलं, हंस पांढरा होऊन जन्माला येत नाही, वर्ष जाऊ द्यावं लागतं. बाजी आता त्याला पाठीवर घेऊन पोहतो.

नानांना सगळं कळलं तेव्हा मला वाटलं, काम गेलं. तर ते एवढंच म्हणाले, 'पाखरू गेलं, दुसरं आनता यील. बाया मेल्या असत्या तर कुठून आनल्या असत्या?' आणि तळ्याचं फाटकच काढून टाकलं. त्यांनी माफ केलं, पण बनू त्यांची नव्हतीच, तुझी होती. आणि माझं खरं दुखणं असं की मला धड पश्चात्तापही करता येत नाही. उद्या पुन्हा तशी वेळ आली तर मी ती चिखलाची वाट आधी खणून काढीन, कुत्री हाकायला माणूस ठेवीन, पण फाटक उघडीन आणि बाजीला कोंडीन. तुझ्या लेकीचा जीव घेऊन वर हे म्हणतो, म्हणून रात्रंदिवस मला तुझं तोंड दिसतं. राही म्हणते, तुम्ही जेवत का नाही. काय सांगू?

आता ज्यासाठी हे पाकीट लिहिलं ते. तडाखा बसला तरी पळाली नाही, ती बाई. त्या पहिल्या संध्याकाळी सुजलेलं मनगट पोटाशी धरून ती बाजीसमोर उभी राहिली आणि जिभेनं टाळ्याला टकटक करायला लागली. ती हाक मी तुझ्याशिवाय कुणाच्या तोंडून ऐकली नव्हती. मी गाव विचारलं, मग नाव विचारलं. रंगू आहे ती, सूर्यभान. तुझी धाकटी बहीण. दाजी गुरं घेऊन छावणीत आहेत, आणि ती दोन पोरांना घेऊन इथं खडी फोडते. ही पाखरं कुणी वाढवली ते मी तिला सांगितलं, तर खाली बसून रडली. मला पोराच्या गळ्याची शपथ घातली, 'दादाला कळवू नका. पाखरांची घान काढतो म्हनून आमी ज्याला हिनवलं, त्याच्या पाखरांचं घान पानी गाळून प्यायची येळ आली, हे त्याला कुन्या तोंडानं सांगू? त्या दिशी मान खाली घातली, ती आजून वर न्हाई झाली.' मी शपथ मोडून तुला लिहितोय, ते पापही माझ्याच माथी. ते पिल्लू आता तिच्याच टकटकीवर येतं, आणि बाजी फक्त तिला जवळ येऊ देतो. तू येतोयस हे मी तिला सांगितलेलं नाही. ये, सूर्यभान. तू म्हणतोस तसा आधी तळ्यावरच चल. तिथं ती असेल, आणि दारी आलेल्या भावाला बहीण देते तसा आधी तांब्याच पुढं करील. ते पाणी तिच्या घरचं नाही, बनूच्या तळ्याचं आहे, तिनं पदरातून गाळलेलं. तुझी शपथ त्यानं मोडत नाही. तेवढं पी, मग मला काय बोलायचं ते बोल.

तुझाच, आणि हा शब्द ठेवायचा की खोडायचा ते तुझ्या हाती,
गहिनीनाथ